मॉरिशसला जाल तर किनाऱ्यावरून उठून काय पाहाल?



गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या व्यापारी वर्गात बेटांच्या सहलीची हौस फार वाढली आहे. पूर्वी सोलापूरचा कापडवाला समुद्रापार गेलाच तर हज-उमऱ्याला, नाही तर मालाच्या कामाने दुबईला. आता मुलाचे लग्न झाले की मालदीव, बाली, अंदमान, मॉरिशस ही नावे घरात ऐकू येतात. खर्च लाखांत होतो. परत आल्यावर काय पाहिले असे विचारले, तर उत्तर मिळते, "समुद्र." समुद्र तर मालवणलाही आहे, आणि तिथे एका रात्रीच्या प्रवासात पोहोचता येते.

हे पान व्यापाराचे आहे, मग इथे सहलीची गोष्ट कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु सहलीचा खर्च हाही खर्चच असून तो वहीत लिहिला जातो. पैशाच्या बदल्यात काय मिळाले हे पाहणे व्यापाऱ्याचे काम आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही घरच्या मंडळींसह मॉरिशसला गेलो होतो. पोटात हेतू दोन होते. विश्रांती हा एक, आणि तिथल्या हॉटेलांना आमचे टॉवेल विकता येतील का हे पाहणे हा दुसरा. दुसऱ्या हेतूत आम्ही साफ फसलो. पहिल्याच्या निमित्ताने मात्र जे पाहिले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगत आहोत.

प्रथम थोडी माहिती. मॉरिशस हे हिंदी महासागरातील छोटे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढे आहे. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. मुंबईहून विमानाने साधारण सहा-सात तास लागतात. भारतीय पासपोर्टवाल्याला पर्यटनासाठी विमानतळावरच मोफत व्हिसा मिळतो, फक्त परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. तिथले चलनही रुपयाच आहे, पण तो आपल्या रुपयाहून महाग, जवळजवळ पावणेदोन-दोन पट. भाव विचारताना आपण 'शंभर रुपये' ऐकून खूश होतो आणि घरी येऊन हिशेब केला की डोळे उघडतात! मे ते नोव्हेंबर हवा कोरडी व थंड असते. जानेवारी ते मार्च हा वादळांचा काळ, त्या दिवसांत तिकीट स्वस्त मिळाले तरी मोहात पडू नये. वस्तीत मुसलमान सुमारे सतरा टक्के असल्याने हलाल जेवणाची अडचण येत नाही. रस्त्यावर डाळपुरी मिळते, ती जोडीने विकतात. दोन जोड्या खाल्ल्या की दुपारचे जेवण झाले.

आमच्या टूरवाल्याने सात दिवसांचा कार्यक्रम छापून दिला होता. त्यात चार दिवस किनारे, एक दिवस ईल ओ सेर्फची होडी, एक दिवस शामारेलची सप्तरंगी माती आणि एक दिवस खरेदी. हे सर्व पाहण्यासारखे नाही असे नाही. पाणी इतके स्वच्छ की उभे राहिले तर पायाची नखे दिसतात. पण तिसऱ्या दिवशी आम्हाला कंटाळा आला. सोलापूरचा माणूस बसून राहिला की त्याला आजारी पडल्यासारखे वाटते. आम्ही टूरवाल्याच्या गाडीला रजा दिली, पुढच्या किनाऱ्यांचे भरलेले पैसे बुडाले, आणि एक स्थानिक टॅक्सी ठरवली. इथून आमची खरी सहल सुरू झाली.

घाटाच्या सोळा पायऱ्या

राजधानी पोर्ट लुईमध्ये बंदरावर कॉदान नावाचे मोठे बाजार-संकुल आहे. सर्व टूरवाले गिऱ्हाइकांना तिथे सोडतात. तिथून दहा मिनिटे चालले की आप्रवासी घाट लागतो. आम्ही गेलो तेव्हा कॉदानमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि घाटावर आमच्यासह नऊ माणसे होती. प्रवेश फुकट आहे. रविवारी बंद असतो, एवढे लक्षात ठेवावे.

१८३४ साली इंग्रजांनी इथे करारावर हिंदुस्थानी मजूर आणण्यास सुरुवात केली. लगोलग १८३५ मध्ये या बेटावरील गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्ता व मद्रासच्या बाजूची, पण मुंबई बंदरातून आलेली मराठी माणसेही त्यात होती, विशेषतः रत्नागिरीकडची. १८४९ मध्ये इथे मजुरांचा डेपो उभारला. बोटीतून उतरलेला माणूस ज्या पायऱ्या चढून आत येई, त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. डेपोचा बराचसा भाग नंतर पाडला गेला, रस्त्याखाली गेला. उरलेला भाग २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, १९८७ पासून हे नाव आहे. आत एक माहितीकेंद्र असून मजुरांची कहाणी तिथे क्रमाने मांडली आहे.

तिथे एक गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ उभे राहिलो. सुरुवातीच्या करारात पुरुष मजुराला महिना पाच रुपये व शिधा, मुदत पाच वर्षे. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. घरच्या मंडळींनी विचारले, काय झाले? आम्ही काही नाही म्हणालो. खरी गोष्ट अशी की आमच्या कारखान्यात दिवाळी-रमजानच्या तोंडावर खाडा केला तर दोन दिवस कापण्याची पद्धत आम्ही स्वतः काही वर्षे चालवली होती. तेव्हा ती व्यवहाराची गोष्ट वाटली होती. परदेशात जाऊन आपलाच मस्टर भिंतीवर टांगलेला पाहावा, तसे झाले.

ज्यांच्या घराण्यातील कोणी मॉरिशसला गेल्याची आठवण असेल, त्यांनी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटचे नाव लक्षात ठेवावे. मजुरांच्या नोंदवह्या व जुनी छायाचित्रे तिथे जपलेली आहेत आणि वारसदार तिथे जाऊन पूर्वजांचा शोध घेतात.

घाटापासून जवळच रॉयल रोडवर जुमा मशीद आहे. कच्छ-गुजरातकडच्या व्यापाऱ्यांनी १८५० नंतर जागा घेऊन ती बांधली आणि पुढे काही दशके वाढवत नेली. सहनात एक जुने बदामाचे झाड आहे, ते मशिदीच्याही आधीचे. नमाजाच्या वेळा सोडून कोणत्याही धर्माचा पाहुणा आत येऊ शकतो. तांदूळ-कापडाचा धंदा करणारी माणसे परमुलुखात प्रथम दुकान थाटतात आणि लगेच इबादतीच्या जागेची सोय करतात, हे इथे डोळ्यांनी दिसते. नक्षीकाम निवांत पाहावे, घाई करू नये.

बंद पडलेला कारखाना

मॉरिशसला गेलेला प्रत्येक जण पाम्प्लमूसची बाग पाहतो. तिथल्या थाळ्याएवढ्या कमळपानांचे फोटो सर्वांच्या मोबाईलमध्ये असतात. त्या बागेशेजारीच बो प्लां नावाचा साखर कारखाना होता. तो १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ मध्ये त्याच इमारतीत साखरेचे संग्रहालय उघडले. बागेतून निघालेल्या दहापैकी एखादी गाडी तिकडे वळत असेल.

आम्ही अर्ध्या दिवसाचा बेत करून गेलो आणि संध्याकाळ झाली. यंत्रे जिथे होती तिथेच आहेत. उसाचे रूळ, वाफेच्या नळ्या, कढया, मळीच्या टाक्या, सर्व काही. त्यांच्यामधून फळ्यांची वाट काढली आहे. ऊस आत येतो तिथून साखर बाहेर पडते तिथपर्यंत माणूस चालत जातो, आणि वाटेत त्याला बेटाचा सारा इतिहास सांगितला जातो. गुलामांचा, मजुरांचा, मालकांचा, बोटींचा. शेवटी निरनिराळ्या प्रकारची साखर चाखायला देतात. काळी, तांबूस, मधासारखी. रमचाही घोट देतात, तो आपल्या कामाचा नाही. बाहेर दुकान आहे आणि आमच्या नजरेला जे दिसले ते असे की तिकिटापेक्षा दुकानाचा गल्ला मोठा असावा.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला साखर कारखान्याचे कौतुक ते काय? चिमणी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण हा विषय व्यापाराचा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. मॉरिशसला १९७५ पासून युरोपात ठरलेल्या चढ्या भावाने साखर विकण्याची हमी होती. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने छत्तीस टक्क्यांनी उतरवला आणि हमीही संपली. कापडाचेही तसेच झाले. १९७० साली त्यांनी निर्यातीसाठी खास कायदा केला, हाँगकाँगचे पैसेवाले आले, स्वेटर-शर्टांचे कारखाने निघाले, हजारो बायकांना काम मिळाले. १ जानेवारी २००५ ला जगातील कापडाचा कोटा उठला, आणि पुष्कळ कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांकडे निघून गेले. एकाच वेळी साखर आणि कापड! आमच्या शहराच्या गिरण्या एकेक करून बंद होताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही. एकेकाळी या बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते, आता तीन आहेत. त्यांनी एक बंद कारखाना भंगारात न देता राखून ठेवला, आणि तो आता रोज पैसा मिळवतो. सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या आत काय होते हे आज आमच्या मुलांना दाखवायला आमच्याकडे काय आहे?

सोमवारी माहेबूर

बेटाच्या आग्नेयेला, विमानतळापासून जवळ, माहेबूर नावाचे गाव आहे. पर्यटक विमानतळावरून थेट हॉटेलात जातात, म्हणून हे गाव मोकळे राहिले आहे. सोमवारी तिथे मोठा आठवडा बाजार भरतो, तेव्हा हा दिवस धरूनच जावे. कापडाच्या गल्ल्यांत निर्यातीतून उरलेला माल असतो. शिवण उलटून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आम्ही एका शर्टात फसलो.

पूल ओलांडला की १८७० पासून चालत आलेली बिस्किटांची एक घरगुती भट्टी आहे. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कंदाच्या पिठाची ही बिस्किटे. गहू नाही, मैदा नाही. थोडे तिकीट घेऊन ते काम दाखवतात. कंद किसणे, दाबून पाणी काढणे, पीठ चाळणे, आणि तापलेल्या पत्र्यावर साच्यात भाजणे. जळण म्हणून उसाचे वाळलेले पाचट. बायका पत्र्यासमोर बसून इतक्या झपाट्याने साचे उलटतात की आमच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची आठवण झाली. शेवटी चहाबरोबर गरम बिस्किटे देतात. नारळ, दालचिनी, बडीशेप अशा चवी. जागा म्हणाल तर आमच्या दोन गाळ्यांएवढी. एवढ्याशा जागेत घराण्याने दीडशे वर्षे एकच माल काढला आणि तो पाहायला लोक पैसे देतात.

माहेबूरसमोर समुद्रात ईल ओ एग्रेत हे अवघ्या सव्वीस हेक्टरांचे बेट आहे. पॉइंट जेरोमहून होडी जाते, सोबत वाटाड्या असतो, एकट्याने हिंडू देत नाहीत. बेट मूळ जंगलाचा उरलेला तुकडा आहे. आबनुसाची झाडे, मोठमोठी कासवे, आणि गुलाबी कबूतर. हे कबूतर १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास उरले होते, तिथून जपून वाढवले. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचे जहाज याच किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल सांडले. गावकऱ्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. कापडाचा असा उपयोग आम्ही चाळीस वर्षांच्या धंद्यात ऐकला नव्हता.

चहाची हौस असेल त्यांनी दक्षिणेकडील ब्वा शेरीचा मळा पाहावा. १८९२ पासूनचा मळा आहे, कारखाना दाखवतात, व्हॅनिलाचा चहा पाजतात. ठीक आहे. निलगिरी पाहिलेल्याला फारसे नवे नाही.

ज्यांच्याजवळ दोन-तीन दिवस अधिक असतील त्यांनी रॉड्रिग्ज बेटाची चौकशी करावी. ते मॉरिशसच्याच ताब्यात, पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटर, विमानाने दीड तास. आमचे जाणे झाले नाही याची हळहळ आहे. तिथल्या बायका उथळ पाण्यात चालत जाऊन भाल्याने अष्टपाद धरतात. माल कमी येऊ लागला, तेव्हा २०१२ पासून वर्षातील काही आठवडे शिकार बंद ठेवू लागले, आणि नंतर वजनदार माल मिळू लागला. शनिवारी पोर्ट माथुरिनला बाजार भरतो. केवड्याच्या जातीच्या पानांच्या टोप्या-टोपल्या तिथे विणतात. जुन्या काळी साखरेची पोतीही याच पानांची असत.

चादर आणि प्रश्न

आता आमच्या दुसऱ्या हेतूविषयी. आम्ही नमुन्याला टॉवेल व चार सोलापुरी चादरी नेल्या होत्या. दोन हॉटेलांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी वेळ दिला, चहा दिला, ऑर्डर दिली नाही. त्यांना पांढराशुभ्र, जाड, रोज ब्लीच सोसणारा आणि हजार नगांत एका वजनाचा टॉवेल हवा. आमच्या रंगीत पट्ट्यांचे त्यांना काम नव्हते. चादर पाहून एक जण म्हणाला, सुंदर आहे, पण इथे ही पांघरणार कोण? बरोबरच आहे.

टॅक्सीवाल्याने आम्हाला पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात नेले. तिथे मराठी घरे आहेत. त्यांचे बोलणे क्रिओल भाषेत चालते, आडनावे म्हणजे पहिल्या पूर्वजाचे नाव. गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते, झाकरी नावाचे नाचगाणे अजून होते, शाळेत मराठी शिकवतात. पुस्तकात हे सापडेल. पण टूरवाल्याच्या यादीत या गावाचे नाव नाही. एका निवृत्त मराठी शिक्षिकाबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवले. त्यांचे मराठी पुस्तकी, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखे. आमचे मराठीही उर्दू शाळेतून आलेले. दोघांची चांगली जमली. आम्ही एक चादर त्यांच्या हाती दिली. त्यांनी मोराची नक्षी बोटाने चाचपून पाहिली आणि विचारले, "भाईसाहेब, ही कशी विणतात? मी नातीला घेऊन पुढील वर्षी महाराष्ट्रात येणार आहे. सोलापुरात विणताना पाहावयास मिळेल असे ठिकाण कोणते?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. जी चादर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, जिच्यावर शहराचे नाव आहे, ती विणताना पाहण्यासाठी पाहुण्याला पाठवावे असा एक पत्ता आमच्या तोंडी आला नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूरला जाणारे हजारो भाविक सोलापुरातून जातात. दुकानापाशी गाडी थांबते, दोन चादरी घेतात, निघतात. मागाचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे चालू असतो, तो त्यांना कोणी ऐकवत नाही. आम्ही बाईंना एवढेच म्हणालो, "या, आमच्याच कारखान्यात या."

परत येऊन पाहिले तर चिरंजीवांनी जेकार्डचे सहाही जुने माग भंगारात काढण्याचा सौदा ठरवला होता. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. त्या मागांवरची चादर बाजारात बसत नाही, वीज परवडत नाही, विणकर साठीचे झाले. आम्ही चार माग जाऊ दिले आणि दोन ठेवून घेतले. मुलाने विचारले, "अब्बा, या जागेचे भाडे कोण देणार?" आम्ही कागदावर मांडून दाखवले. दोन माग, दोन जुने विणकर दिवसा चार तास, अक्कलकोटच्या गाड्यांसाठी रस्त्यावर एक पाटी, वीस रुपये तिकीट, चहा, आणि बाहेर पडताना चादरीचे दुकान. त्याने बेरीज तपासली आणि रोज किती माणसे धरली आहेत असे विचारले. आम्ही पन्नास धरली होती. तो म्हणाला, पंधरा धरा.

पंधरावर महिन्याला साडेतीन-चार हजारांचा तोटा येतो. तो दुकानाच्या विक्रीतून भरून निघेल की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. विणकरांशी बोलताना त्यांच्या खाड्याचे काय, हा विषय निघाला, तेव्हा एका दिवसाला एकच दिवस कापायचा असे आम्ही स्वतःहून सांगितले. शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे. नातीच्या परीक्षेमुळे येणे लांबले आहे, पण माग चालू स्थितीत ठेवा, असे त्यांनी लिहिले आहे. एका मागाचे पंचकार्ड उंदरांनी कुरतडले आहेत. ते पुन्हा कापून देणारा माणूस आम्ही सध्या शोधत आहोत.